कोपऱ्यातला कॉम्प्युटर

आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममधल्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेला तो व्हायरस माझ्या पेन ड्राइव्हमधून आला होता. त्याचा आळ माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेवर आला, आणि मी तो येऊ दिला. खरे काय ते मला वेळेत कळले होते. मी बोललो असतो तर त्यांचे गेलेले काम परत मिळाले असते. मी बोललो नाही. उलट पुढची काही वर्षे अँटिव्हायरसमधला जाणकार म्हणून मिरवलो.

हे लिहायला घेतल्याचे एका जुन्या सहकाऱ्याला फोनवर सांगितले, तेव्हा तो हसला. "अहो, कोण विचारतंय आता त्याला? व्हायरस गेला, कॉम्प्युटर भंगारात गेला. तुम्हीबी सोडा की!"

मी सोडणार नाही. आयुष्यभर मी खालच्या आवाजात बोललो. वर्गात मागच्या बाकांवरून "मोठ्यानं, सर!" अशी ओरड व्हायची. लोकांनी त्या आवाजाला सौजन्य म्हटले आणि मी ते मानून घेतले. त्यातले पुष्कळसे सौजन्य नव्हते, भय होते. ज्यांना ही गोष्ट विसरून जावी असे वाटते त्यांनी ती खुशाल विसरावी. ती लिहू की नको, हे मी त्यांना विचारायला गेलेलो नाही.

नव्वदच्या दशकात मी नोकरीला लागलो, तेव्हा महाविद्यालयात कॉम्प्युटरची एक स्वतंत्र खोली होती. आत थंड हवेचे यंत्र होते, खाली गालिचा होता आणि यंत्रांवर मखमली झाकणे होती. दाराशी स्टूल टाकून आमचे शिपाईमामा बसलेले असत.

"चपला भाईर काढा, सर. आत व्हायरस येतोय."

"व्हायरस चपलेतून येतो होय, मामा?"

"मग काय वरनं पडतोय?"

ही गोष्ट आम्ही स्टाफरूममध्ये रंगवून सांगत असू. शिकलेल्या माणसांना असे हसायला फार आवडते. पण हसत हसत आम्ही चपला मात्र काढत असू, कारण व्हायरस म्हणजे नेमके काय हे आम्हालाही ठाऊक नव्हते. तो बाहेरून येतो, शिवाशिवीतून येतो, आणि आपल्या नव्हे तर दुसऱ्याच्या वस्तूतून येतो, एवढेच आम्ही धरून चाललो होतो. पुढे आम्ही जे केले ते मामांच्या समजुतीहून फारसे निराळे नव्हते. मामा निदान सगळ्यांनाच चपला काढायला लावत असत.

दोन हजार साल उलटून काही वर्षे झाल्यावर मी लॅपटॉप घेतला. मुरगूडच्या बाजूच्या एका गावातून शेतकऱ्याचा मुलगा म्हणून कोल्हापुरात आलेल्या मला त्या वस्तूचे अप्रूप किती वाटले असेल, ते सांगायला नको. राजारामपुरीतल्या दुकानात पत्नी बरोबर होती. दुकानदाराने बॅग दिली, माऊस दिला, आणि मग काउंटरवर अँटिव्हायरसची खोकी मांडली. एक महाराष्ट्रात तयार झालेले, एक परदेशी, आणि एक कधी न ऐकलेल्या कंपनीचे.

"यांत फरक काय?" मी परीक्षकाच्या थाटात विचारले.

"फरक सांगू? ह्ये मशीन जरा जड करतंय, पर पकडतंय. ह्ये मशीन पळवतंय, पर मधनंच डुलकी काढतंय. आन् तिसऱ्याचं मलाबी म्हाईत न्हाय, नवीनच आलंय." मग तो गंभीर झाला. "कुठलंबी घ्या, सर. पर घेतलं की अपडेट करत जावा. अपडेट न्हाय केलं तर ह्यो नुसता डबा हाय बघा."

"पकडणारं घ्या," पत्नी म्हणाली.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

विचार असा काही नव्हता. त्या काळी मी स्टाफरूममध्ये परदेशी कंपन्यांविरुद्ध बोलत असे. ज्ञानाला कुलूप घालणारे हे कोण, एकदा यंत्र विकल्यावर त्याच्या राखणीचे वेगळे दाम कशाला, अशी माझी वाक्ये ठरलेली होती. तरुण प्राध्यापक माना डोलवत, आणि मला आपण कुणाशी तरी लढत आहोत असे वाटे. ते बंड फार सोयीचे होते. त्यात माझे काहीच जात नव्हते.

माझा मेहुणा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात होता. नवा लॅपटॉप बघायला तो आला तोच खिशातून सीडी काढत.

"दाजी, डबा कशाला घेताय? माझ्याकडं हाय की. फुल व्हर्जन. क्रॅक टाकून कुलूप तोडलं की झालं. फक्त एक पथ्य पाळायचं. अपडेट करायचं न्हाय. केलं की त्यास्नी कळतंय."

"अपडेट नाही केलं तर नुसता डबा आहे, असं म्हणत होता तो दुकानदार," पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"अक्का, त्येला डबा इकायचा हाय!"

आम्ही दोघे मोठ्याने हसलो. ती हसली नाही. सीडी चढली, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक हिरवी खूण उमटली. सगळे सुरक्षित आहे, असे ती सांगत होती. ती खूण मी पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुकाने दाखवत असे. तिच्यामागे कुणी जागे नव्हते.

आता त्या प्राध्यापिकांविषयी सांगायला हवे. त्या समाजशास्त्र शिकवत. आमच्यापेक्षा वयाने लहान आणि बोलायला स्पष्ट होत्या. त्यांचे घराणे छप्पन सालच्या धर्मांतरापासून बौद्ध होते. त्यांचे मूळ गाव माझ्या गावाला लागूनच होते, आणि आमच्या गावच्या स्टँडवर उतरूनच त्यांच्या घरच्यांना पुढे चालत जावे लागे. आम्ही त्यांना 'मॅडम' म्हणत असू, आणि त्याला आम्ही समता समजत असू.

त्या वर्षी वार्षिकांकाचे संपादन त्यांच्याकडे होते. त्यांनी ठरवले की नेहमीच्या कविता आणि चुटके नकोत. मुलामुलींनी घरी जाऊन आईशी, आजीशी बोलावे, त्यांनी जन्मभर कोणते काम केले ते विचारावे, आणि त्यांच्या शब्दांत लिहून आणावे. मुलांनी खरोखरच आणले. चंदगडकडची एक मुलगी एसटीने घरी जाऊन आपल्या आजीचे बोलणे लिहून घेऊन आली. काजूच्या कारखान्यात बी फोडून काळी पडलेली बोटे लग्नात लपवावी लागत, असे त्या आजीने सांगितले होते. मी ते वाचले होते. माझ्या विषयातली कितीतरी जाडजूड पुस्तके त्यापुढे फिकी वाटली, पण तसे मी मॅडमना सांगितले नाही.

हे सगळे लेखन मॅडमनी स्वतः टाइप केले. काही मैत्रिणीच्या घरी तिच्या मशीनवर, काही नेट कॅफेत, बरेचसे स्टाफरूममध्ये. टाइप झालेले कागद त्या मुलांना परत देत गेल्या. अंक छापायला जायचा होता, आणि सगळा मजकूर आता फक्त स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर आणि त्यांच्या पेन ड्राइव्हवर होता.

शुक्रवारी मी माझा पेन ड्राइव्ह त्या कॉम्प्युटरला लावून चाचणी परीक्षेची प्रश्नपत्रिका छापून घेतली. त्यात लपूनछपून काही नव्हते. सगळे तेच करत.

शनिवारी मॅडमनी फोल्डर उघडला, तर आत काहीच नव्हते. त्यांनी पेन ड्राइव्ह लावून पाहिला, तर तोही रिकामा. स्टाफरूममध्ये गर्दी झाली.

"मॅडम, तुम्ही नेट कॅफेत टाइप करता ना?" वाणिज्य विभागाचे एक ज्येष्ठ सर म्हणाले. "मग तिथनंच आलंय हे."

"कॅफेत मी गेल्या महिन्यात गेले होते, सर. या आठवड्यात इथं कुणाकुणाचे पेन ड्राइव्ह लागले, ते विचारा."

"आमच्याकडं अँटिव्हायरस आहेत हो."

"आहेत का? मग आणा सगळ्यांचे पेन ड्राइव्ह. माझाही ठेवते. एका ओळीत लावून तपासू."

कुणी खिशात हात घातला नाही. ज्येष्ठ सरांनी माझ्याकडे पाहिले. "ह्या सरांचा तर नवा कोरा लॅपटॉप आहे. काय सर, सगळं व्यवस्थित आहे ना तुमच्याकडं?"

मी मान हलवली. मान हलवायला आवाज लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुणा जेवायला आला होता. सकाळपासून माझे फोल्डरही उघडत नव्हते. त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला, कुठेतरी दोन-चार खुणा बदलल्या, आणि नाहीसे झालेले सगळे फोल्डर पडद्यावर फिकट फिकट दिसू लागले.

"गेलंय कुठं? जाग्यावरच हाय सगळं. व्हायरसनं नुसतं झाकून ठेवलंय. ह्ये बघा, उघडलं."

"म्हणजे पुसलं जात नाही?"

"न्हाय हो. लोक घाबरून फॉरमॅट मारत्यात, तेव्हा पुसतंय." तो हसू लागला. "पर दाजी, ह्यो पावणा तुमच्याकडं लई दिस मुक्कामाला हाय की! तारीख बघा. त्या क्रॅकसंगंच आलाय वाटतं." मग त्याचे हसू थांबले. "कॉलेजात पेन ड्राइव्ह लावलासा का ह्या आठवड्यात?"

पत्नी वाढत होती. तिचा हात भाकरीच्या टोपल्यावर थांबला.

"नाही," मी म्हणालो.

मला त्या क्षणी दोन गोष्टी कळलेल्या होत्या. व्हायरस माझा होता, आणि मॅडमचा मजकूर अजून जागच्या जागी होता. दुसरी गोष्ट सांगायला पहिली सांगावी लागली नसती, असे मी आज स्वतःला समजावू शकतो. 'एका नातेवाइकाकडून ऐकले' एवढे म्हटले असते तरी पुरले असते. पण ज्याच्या मनात चोर असतो त्याला साधे वाक्यही सुचत नाही. कुणी विचारील, तुम्हाला कसे ठाऊक? मग लॅपटॉप बघतील. मग ती सीडी निघेल. मग परदेशी कंपन्यांविरुद्धची माझी सगळी भाषणे उघडी पडतील. विभागप्रमुखपदासाठी माझे नाव तेव्हा चर्चेत होते, हेही लिहितो, कारण ते लपवणे म्हणजे पुन्हा तेच करणे.

सोमवारी दुरुस्तीवाला आला. त्याने पाहिले आणि सांगितले, "फॉरमॅट मारायला लागणार. पेन ड्राइव्हबी द्या, दोन्ही साफ करतो."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "मला दुसऱ्या कुणाला तरी दाखवू द्या."

"मॅडम, अंकाला उशीर होतोय," प्राचार्य म्हणाले. "आणि हा कॉम्प्युटर सगळ्यांचा आहे."

"मजकूरही सगळ्यांचा आहे, सर. मुलांच्या आयांचा आहे."

मी खिडकीशी पुस्तक उघडून बसलो होतो. 'थांबा' हाच शब्द माझ्याही तोंडात होता. त्यांनी तो एकटीने उच्चारला होता, त्याला फक्त दुसरा आवाज हवा होता. मी पान उलटले. दुरुस्तीवाल्याने बटण दाबले.

त्यानंतर गोष्टी शांतपणे घडत गेल्या, आणि तो शांतपणाच मला आज सर्वांत जास्त बोचतो. संपादन माझ्याकडे आले. मी नेहमीच्या कविता आणि चुटके गोळा करून अंक वेळेत काढला. स्टाफरूमच्या कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी, एक जुना कॉम्प्युटर पडून होता. प्राचार्यांनी तोंडी सूचना दिली की बाहेर फिरून येणारे पेन ड्राइव्ह यापुढे त्यालाच लावावेत. तसे पाहिले तर सगळेच पेन ड्राइव्ह बाहेर फिरत. माझा तर घरी जाई, मेहुण्याकडे जाई. पण मधल्या टेबलावरच्या चांगल्या कॉम्प्युटरला आम्ही सगळे आपापले पेन ड्राइव्ह लावत राहिलो, आणि मॅडम आल्या की मामा नम्रपणे म्हणत, "मॅडम, तुमचं तिकडं."

पहिल्यांदा हे झाले तेव्हा मॅडम मधल्या टेबलाशी गेल्या. मग त्यांनी मधली खुर्ची ओढली आणि माझ्याकडे वळल्या. खोलीत सगळे होते, पण त्या माझ्याशी बोलल्या.

"सर, तुमच्या गावच्या स्टँडवर एक हॉटेल होतं. आठवतंय?"

"हो."

"तिथं माझ्या आजोबांचा कप वेगळा होता. बाहेर कोनाड्यात ठेवलेला. स्वतः घ्यायचा, स्वतः विसळायचा, परत ठेवायचा. त्यांना कप होता, मला कॉम्प्युटर आहे. प्रगती आहे, नाही का?"

"मॅडम, इथं जातीचा काय संबंध?" ज्येष्ठ सर दुखावल्यासारखे म्हणाले. "तांत्रिक बाब आहे ही."

"मग तांत्रिक बाबीसारखं वागा. सगळ्यांचे तपासा. नाही तर कुणाचाच तपासू नका. मी त्या कोपऱ्यात बसणार नाही. कागदावर लिहीन, पण तिथं बसणार नाही."

तो कोनाडा मी पाहिला होता. शाळेत जाताना रोज दिसायचा. त्यातल्या कानतुटक्या कपाविषयी मी एकदाच वडिलांना विचारले होते, आणि त्यांनी उत्तर न देता मला पुढे ओढले होते. स्टाफरूममध्ये मी तेच केले. स्वतःलाच हाताला धरून पुढे ओढले.

मॅडम कोपऱ्यात बसल्या नाहीत. एकदाही नाही. टंकलिखित मागितलेले अहवाल त्या सुवाच्य अक्षरात हाताने लिहून देत. "टाइप करून द्या, मॅडम," कार्यालयातून निरोप येई. "मधला कॉम्प्युटर द्या, लगेच करून देते," असे उत्तर जाई. चिडून अधीक्षक स्वतः टाइप करून घेत. रोज सकाळी आल्यावर त्या आपला पेन ड्राइव्ह मोठ्या टेबलावर सगळ्यांच्या डब्यांमध्ये ठेवत आणि जाताना उचलून नेत. त्याला कुणी हात लावत नसे. तो तिथे असायचा, एवढेच.

आणि मग एके दिवशी जिन्याच्या भिंतीवर भित्तिपत्रक लागले. मुलांना पुन्हा घरोघर पाठवून, मिळतील ते जुने कागद शोधून, मॅडमनी ते सगळे लेखन हाताने लिहून घेतले होते. मोठमोठे तक्ते, निरनिराळी हस्ताक्षरे, कुठे हळदीचा डाग. वर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'याला व्हायरस लागत नाही.'

जिन्यावर गर्दी होऊ लागली. गावाकडून मुलांच्या आया आल्या, तर मुले त्यांना हाताला धरून आणत आणि त्यांचे शब्द त्यांनाच वाचून दाखवत. माझ्या अंकाचे गठ्ठे ग्रंथालयाच्या माळ्यावर गेले.

त्या भित्तिपत्रकात एक चौकट मोकळी होती. वर 'काजू' एवढेच शीर्षक होते आणि खाली कोरा कागद. चंदगडची ती मुलगी पुन्हा घरी गेली, तेव्हा आजी गेली होती. पहिल्या वेळचा कागद घरी चुलीत गेला होता. मॅडमनी ती जागा दुसऱ्या मजकुराने भरली नाही.

मी रोज तो जिना चढत होतो.

या काळात मी एक गोष्ट केली, आणि ती सांगताना मला सर्वांत अधिक संकोच वाटतो. मी राजारामपुरीतल्या त्या दुकानात जाऊन पकडणारे ते खोके विकत आणले, लॅपटॉप स्वच्छ केला, आणि रिकामे खोके स्टाफरूममध्ये माझ्या कपाटावर दिसेल असे ठेवले. हळूहळू लोक विचारू लागले. "सर, भाचीनं लॅपटॉप घेतलाय, कुठलं टाकू?" मी सांगू लागलो. फुकटचे घेतले तर काय होते, क्रॅक केलेले का टाकू नये, अपडेट का महत्त्वाचे. दुकानदाराची डुलकीची उपमा मी माझी म्हणून वापरली. मी दिलेला सल्ला बरोबर असे. तो मी कुणाच्या जिवावर शिकलो होतो, हे कुणी विचारले नाही.

मग सगळ्या विभागांना नवे लॅपटॉप मिळाले, आणि त्यांच्यासाठी अँटिव्हायरस निवडायला समिती नेमली गेली. अध्यक्ष अर्थातच मी. प्राचार्यांनी नियमावलीचा कच्चा मसुदा माझ्याकडे पाठवला. अँटिव्हायरस कोणता ते मी लिहायचे होते, बाकीचे लिहून तयार होते. त्यात होते की बाहेरील पेन ड्राइव्ह केवळ स्टाफरूममधील कोपऱ्यातील संगणकासच लावावेत. तोंडी होते ते आता माझ्या सहीने लेखी होणार होते.

तो कागद मी घरी पत्नीला वाचून दाखवला. तिने ऐकून घेतले.

"अहो, तेव्हा लावला होता ना तुम्ही कॉलेजात पेन ड्राइव्ह?"

"हो."

"मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही सांगाल, म्हणून थांबले होते." ती उठली. "फार थांबवलंत."

दुसऱ्या दिवशी बैठकीआधी मी जिन्यात मॅडमना गाठले. आजूबाजूला कुणी नाही असे पाहून, माझ्या नेहमीच्या खालच्या आवाजात, मी त्यांना सगळे सांगितले. सीडी, रविवार, झाकलेले फोल्डर, उलटलेले पान. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. रविवारचे सांगितले तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी म्हणालो, "मला माफ करा."

"कुणाला सांगताय हे?" त्यांनी विचारले. "मला? माझ्या पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, सर. मला एकटीला जिन्यात सांगून तुम्ही मोकळे होणार. मी काय होणार?"



"ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा. आणि ऐकू जाईल असं सांगा. तुमचं मागं कधीच काही ऐकू येत नाही."

त्या वर निघून गेल्या. त्यांनी मला क्षमा केली नव्हती, आणि ते योग्यच होते. जिन्यात उभा असताना मला भीती वाटली, पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होते, जे मला त्या वयापर्यंत परके होते. मला राग आला होता. ज्येष्ठ सरांचा, प्राचार्यांचा, मसुद्याच्या गुळगुळीत भाषेचा, आणि सर्वांत जास्त त्या माझ्याच हिरव्या खुणेचा.

बैठकीला सगळे विभागप्रमुख होते. मॅडमही आता विभागप्रमुख होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे आपला पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. प्राचार्यांनी प्रास्ताविक केले आणि म्हणाले, "निवड सरांनी केलीच आहे. त्यांच्याइतकं यातलं आपल्याकडं कुणाला कळत नाही. तेवढं नाव सांगा, सर, आणि मसुद्यावर सही करा, म्हणजे चहा सांगतो."

मी अँटिव्हायरसचे नाव सांगितले. मग मसुदा उचलला आणि तो कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा नियम पेनने आडवा खोडला.

"हे काय, सर?"

"या नियमावर मी सही करणार नाही. नव्या लॅपटॉपना लागणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह तपासला जाईल. पहिला माझा. आणि तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर आजच्या आज हलवायचा."

"पण मागं जो प्रकार झाला होता..."

"त्याच प्रकाराबद्दल बोलायचं आहे."

"ते विषयपत्रिकेवर नाही, सर. तुम्ही बसा. आपण केबिनमध्ये बोलू."

"केबिनमध्ये नाही. इथंच. आणि मी बसणार नाही."

 मी सुरुवात केली, पण पहिले वाक्य माझ्याच शर्टाच्या कॉलरपाशी विरले. टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून कुणीतरी, बहुधा सवयीने, म्हणाले, "मोठ्यानं, सर!"

मॅडमनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिले. दारात चहाचा ट्रे घेऊन मामा उभे होते. मी टेबलावर दोन्ही हात टेकले, आणि गावाकडे बांधाच्या पलीकडे हाक मारताना जसा आवाज काढत असे तसा, या इमारतीत कधीही न काढलेला आवाज काढून म्हणालो,

"तो व्हायरस माझ्या पेन ड्राइव्हमधून आला होता. माझ्या लॅपटॉपवर चोरीचा अँटिव्हायरस होता. मजकूर पुसला गेला नव्हता, नुसता झाकला गेला होता, हे मला फॉरमॅट मारायच्या आदल्या दिवशी कळलं होतं. मॅडम 'थांबा' म्हणाल्या तेव्हा मी गप्प बसलो. त्यांचा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवला गेला तेव्हाही मी गप्प बसलो, आणि तो का वेगळा ठेवला जातोय, हे मला तुमच्याइतकंच ठाऊक होतं. जिन्यातली ती चौकट माझ्यामुळं मोकळी आहे. ती आता कुणालाही भरता येणार नाही. मॅडम, तुमचं काही चुकलं नव्हतं. मी चुकलो. मी इथं, या सगळ्यांसमोर, तुमची माफी मागतो."